आपल्या कृपेनं बरी आहे

किनुएताईनं उभ्या जन्मात पाहुण्याला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये बरं का. त्या एका सवयीपायी तिचं जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं, आणि डोकं तापलं की मी बोलत सुटते. तेव्हा ऐकून घ्या.

मी एकोणिसाव्या वर्षी समुद्रकाठच्या गावातून इथं वर डोंगरात, युनोसेला आले. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. वरच्या अंगाला एक मोठं जुन्या वळणाचं हॉटेल होतं. पाहुणे यायचे, झऱ्याच्या पाण्यात डुंबायचे, खायचे, प्यायचे, झोपायचे. त्यांच्या खोल्या आम्ही बायका सांभाळायचो. किनुए आमच्यात थोरली, सगळ्यांची मुकादम, म्हणून सगळ्याजणी तिला ताई म्हणायच्या. माझी कामाची पहिलीच पाळी. एका पाहुण्यानं भर हिवाळ्यात नदीचा भाजलेला मासा मागितला. मी म्हटलं, “नाही.” खरं तेच सांगितलं! ताईनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

“रित्सु, ‘नाही’ हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचा.”

“आणि मासा नसेल तर? नदीत उडी मारू?”

“म्हणायचं, आज मुळा फार सुंदर शिजलाय, तो आधी चाखून बघता का?”

“अहो ताई, त्याला मासा पाहिजे.”

“त्याला कुणीतरी आपलं ऐकतंय एवढंच पाहिजे,” ती म्हणाली. “जा, मुळा घेऊन जा.” आणि त्या बाबानं खरंच दोन वाट्या मुळा हाणला.

दुसरा धडा तब्येतीचा. कुणी पाहुण्यानं “कशा आहात?” विचारलं की एकच उत्तर: “आपल्या कृपेनं बरी आहे.” ताप असो, दाढ ठणकत असो, घरी भांडण झालेलं असो. तिचा नवरा यासाकु त्याच हॉटेलात बंब सांभाळायचा. तो छातीत कळ येऊन गेला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात ताई कामावर हजर. एका नेहमीच्या पाहुण्यानं विचारलं, “घरी सगळं ठीक?” तर ही हसून म्हणते, “आपल्या कृपेनं.” मी मागे ट्रे घेऊन उभी होते. मला रडू फुटलं, तर आत गेल्यावर मलाच बोलणी बसली.

मग हॉटेल बंद पडलं. आम्ही दोघी खालच्या गल्लीत समोरासमोर राहिलो. ती तिच्या दोन खोल्यांत, मी माझ्या. तिचा मुलगा शुन्जी लांब नागोया शहरात. वर्षातून एकदा यायचा, मिठाईचा डबा ठेवून जायचा. त्यानं चारदा म्हटलं असेल, आई, तिकडे चल. ताई दर वेळी म्हणायची, “तुमच्याकडची चेरी काय सुरेख फुलते रे!” बिचाऱ्याला वाटायचं, आई विचार करतेय.

मला मात्र तिनं सरळ सांगितलं होतं. आमच्या गल्लीचं एक सामायिक न्हाणीघर आहे, प्रत्येक घराकडे त्याची किल्ली. लाकडी टाकी, त्यात झऱ्याचं पाणी, गंधकाचा वास. यासाकु गेल्यापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी तिथं. एकदा गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली असताना ती म्हणाली, “रित्सु, मला इथंच मरायचंय. याच वासात. दुसरीकडचं पाणी अंगाला लागायला नको.” एवढंच तिचं मागणं होतं.

सत्तरी ओलांडल्यावर गुडघे गेले, ऐंशीच्या पुढे डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात होती तेव्हा पालिकेचा तपासनीस आला. आमच्याकडे चाळिशी लागली की म्हातारपणाच्या विम्याचे पैसे कापायला लागतात. मग म्हातारपणी मदत हवी झाली की पालिका माणूस पाठवते. तो बघतो की या माणसाला काय काय जमतं, आणि त्यावरून पायरी ठरते. पायरी जितकी वरची तितकी मदत जास्त. त्या वेळी ताईच्या नाकात नळी, हातात सुई, तोंड वाकडं. बोलता येत नव्हतं, म्हणून खोटंही बोलता आलं नाही. तिसरी पायरी मिळाली. नोझोए नावाची बाई आठवड्यातून तीनदा घरी यायला लागली. ती ताईला धरून न्हाणीघरात न्यायची, पाठ चोळायची, चार दिवसांचं कालवण करून ठेवायची. ताईला बोलता यायला लागलं, काठी धरून घरातल्या घरात चालता यायला लागलं, आणि मोठ्या मजेत दोन वर्षं गेली.

पण ही पायरी कायमची नसते. मुदत संपली की पुन्हा तपासणी. ती शरदात आली.

आदल्या संध्याकाळी मी ताईला शंभरदा बजावलं. “हे बघ, अंथरूण घडी करायचं नाही. भांडी तशीच. केस विंचरायचे नाहीत. आपण रोज जशा असतो तसं बसायचं. विचारलं, हे जमतं का, की म्हणायचं, नाही.”

“हो,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी दार सरकवलं आणि कपाळाला हात लावला. फरशी लख्ख. केसांचा अंबाडा, त्यात कंगवा. अंगावर हॉटेलातला तो करडा किमोनो, ओठांना किंचित रंग. पहाटेपासून कपाटाला धरधरून तिनं हे सगळं केलं होतं. एक हात धड चालत नाही आणि किमोनोचा पट्टा पाठीमागे कसा बांधला, देव जाणे.

“अगं बाई, हे काय करून बसलीस?”

“पाहुणे यायचेत.”

“पाहुणा नाही गं, तपासनीस! तुला किती होत नाही ते बघायला येतोय. किती होतं ते नाही!”

“घरी येतो तो पाहुणाच,” ती म्हणाली. “चहाचं पाणी ठेव.”

तेवढ्यात तो आलाच. कुनिएदा म्हणून, चाळिशीतला, किडकिडीत, हातात टॅबलेट. बुटांना पिवळी पानं चिकटलेली. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला नावं ठेवू? आल्या आल्या वाकून नमस्कार केला. आणि ताई त्याच्यासमोर गुडघे मुडपून बसली. वारं गेल्यापासून तिचे गुडघे तसे मुडपलेले मी बघितले नव्हते. हात जमिनीला टेकून, कपाळ हातांना टेकून तिनं नमस्कार केला. कानशिलावर घामाचे थेंब आले, ते मला दिसले. तो टॅबलेट चालू करत होता.

“आजी, मी काही विचारतो, जमेल तसं सांगा. हात वर करता येतो?”

ताईनं उजवा हात झकास वर केला. “अजून जेवणाचे दोन ट्रे उचलीन.” तो हसला. डावा त्यानं विचारला नाही की काय, मला आठवत नाही. बहुतेक तिनं तेवढ्यात चहा पुढे सरकवला.

“अंघोळ एकट्यानं जमते?”

“गल्लीचं न्हाणीघर अगदी दारात आहे,” ताई म्हणाली.

त्यानं टॅबलेटवर ‘जमतं’ अशी खूण केली. मी बघतच राहिले. अरे, ती ‘हो’ म्हणालीच नाही!

“स्वयंपाक?”

“सध्या मुळे फार छान येतायत.”

पुन्हा खूण. आता माझं टाळकं सटकलं. “अहो साहेब, हिला मुळा कापता येत नाही! सुरी धरवत नाही! ती तुम्हाला मुळा वाढतेय आणि तुम्ही खाताय! ही ‘नाही’ म्हणतेय हो, तिची ‘नाही’ म्हणायची तऱ्हाच ही आहे!”

“रित्सु,” ताई म्हणाली. आवाज न चढवता, हॉटेलच्या बोळात म्हणायची तसाच. “पाहुण्यांसमोर?”

मी अडुसष्ट वर्षांची बाई, मान खाली घालून मागे सरकले.

“तुमचंही म्हणणं शेऱ्यात लिहितो,” कुनिएदा मला म्हणाला, आणि लिहिलंसुद्धा. मग डोकं शाबूत आहे का ते बघायला ताईला विचारलं, आता ऋतू कोणता. “डोंगर रंगलाय, म्हणजे सरता शरद. तुमच्यासारख्या कामाच्या माणसांनासुद्धा बाहेर पडावंसं वाटेल असे दिवस.” असलं उत्तर त्याला गावात दुसऱ्या कुणी दिलं नसेल. तो खूश झाला.

जाताना ती त्याला सोडायला दारापर्यंत गेली. हॉटेलची रीत, पाहुणा वळणाआड होईपर्यंत वाकून उभं राहायचं. त्यानंही वळणावर थांबून वाकून निरोप घेतला. तो दिसेनासा झाला आणि ताई माझ्या अंगावर कोसळली. कशीबशी पायरीवर बसवली तर किमोनो खालून ओला. तासभर तिनं दाबून धरलं होतं, उठायला मदत मागावी लागेल म्हणून.

“आधी फरशी पुसून घे गं,” ती पुटपुटली. “वास यायला नको.”

मी पुसत होते आणि शिव्या देत होते. तिला, त्याला, हॉटेलला, सगळ्यांना.

त्या खुणा पालिकेच्या संगणकात गेल्या. संगणक माणसाचं तोंड बघत नाही. तो खुणा मोजतो आणि या बाईला दिवसाला किती मिनिटांची मदत लागेल ते काढतो. बाईचं म्हातारपण मिनिटांत! वर एक कमिटी बसते म्हणे, तीत डॉक्टर असतात, शेरे वाचतात. पण त्यांच्यापुढे म्हाताऱ्यांचा ढीग, आणि शेजारणीला काय वाटतं याला कोण विचारतंय? गावच्या डॉक्टरांचाही अभिप्राय लागतो. तिकडेही ताई अंबाडा घालून गेली होती. ते संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले, “कसं आहे?” आणि ती काय म्हणाली असेल ते तुम्हाला आता मी सांगायला नको.

पायरी घसरली ती थेट तळाला. नोझोएबाईचं येणं तीनदाचं एकदा झालं, तेही फक्त घर आवरण्यापुरतं. न्हाऊ घालणं त्या पायरीत बसत नाही.

मी पालिकेत जाऊन टेबल आपटलं. खिडकीमागची मुलगी नम्रपणे म्हणाली की फेरतपासणी मागता येते, फक्त आजींनी स्वतः मागायला हवी. मी घरी येऊन ताईच्या मागे लागले.

“म्हणजे त्या कुनिएदा साहेबांनी चूक केली असं मी म्हणायचं?” ताई म्हणाली. “माझ्या घरी चहा पिऊन गेलेल्या माणसाला?”

“तू पायरी घालवून बसलीस! न्हायला कोण नेणार तुला?”

“तू आहेस की.”

मी नेत होते. माझे डोळे मोतीबिंदूनं अधू, मनगटात जोर नाही. आम्ही दोघी भिंतीला धरून खेकड्यासारख्या तिरक्या चालत न्हाणीघर गाठायचो. मध्येच ती हसायला लागायची, मग मीही. पण मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

कमी झालेल्या माणसाच्या बदल्यात पालिकेनं ससा दिला. पांढऱ्या प्लास्टिकचा, वीतभर उंच, पोटात स्पीकर. रोज सकाळी त्याचे डोळे लुकलुकायचे आणि कोवळ्या पोरीच्या आवाजात तो विचारायचा, “सुप्रभात! आज तब्येत कशी आहे?” उत्तर बरं असलं की पालिकेत आणि शुन्जीच्या फोनवर हिरवा ठिपका. बरं नसलं की लाल. उत्तरच आलं नाही तर पिवळा. लाल-पिवळा दिसला की कुणीतरी धावत येणार. बसवायला आलेला माणूस म्हणाला, “आजी, याला सगळी बोली कळते. नम्र भाषासुद्धा शिकवलीय.”

ताईनं सशाला ओट्याशेजारच्या फळीवर बसवलं, खाली विणलेला रुमाल घातला. सकाळी तो बोलला की ही आधी पदर-बिदर सावरावा तसा किमोनोचा गळा सारखा करायची, वाकायची, आणि म्हणायची, “आपल्या कृपेनं बरी आहे.”

“छान! दिवस आनंदात जावो!” ससा म्हणायचा. हिरवा ठिपका.

“अगं, खेळणं आहे ते!” मी म्हणायचे.

“खेळणं असलं तरी पालिकेनं पाठवलंय. आपल्याकडे उतरलंय.”

डोंगरावर पहिलं बर्फ पडलं तेव्हा मला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. आमच्या दवाखान्यातला डोळ्यांचा विभाग बंद केलाय, गावात माणसं उरली नाहीत म्हणून. त्यामुळे शहरात जाऊन भाचीकडे राहणं आलं. ताईला एकटं टाकून जायचं माझ्या जिवावर आलं. जाण्याआधी मी तिची शिकवणी घेतली. एके काळी तिनं माझी घेतली होती, आता पाळी माझी.

“मी ससा. सांग, तब्येत कशी आहे? तुझा पाय मोडलाय असं समज.”

ताई वाकली. “आपल्या कृपेनं...”

“पाय मोडलाय!”

“पाय तेवढा...” ती म्हणाली, “पण बाकी आपल्या कृपेनं...”

“नाही! म्हण, ‘बरी नाही.’ दोन शब्द. ब-री ना-ही.”

तिनं तोंड उघडलं. ‘बरी’ म्हणाली. पुढे ओठ हलले, आवाज फुटेना. लाजेनं कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तोंडावर हात घेऊन ती अशी हसत सुटली की मीही हसले. “जाऊ दे गं रित्सु,” डोळे पुसत म्हणाली. “आता या वयात नवं कुठं शिकू? तू डोळे करून ये. मी कुठं जातेय?”

“मी येईपर्यंत न्हायला एकटी जायचं नाही. कबूल?”

“तिकडे शहरात गोड बटाटे फार छान मिळतात,” ताई म्हणाली. “घेऊन ये.”

मी ऐकलं आणि मला कळलं. दारातून परत फिरले, तिच्या न्हाणीघराच्या किल्लीचा हुक रिकामा केला, किल्ली खिशात घातली आणि बस पकडली. दुसरी किल्ली तिनं तांदळाच्या डब्यात ठेवली होती हे मला काय ठाऊक?

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. ताईला फोन लावला, उचलेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, उचलेना. शुन्जीला लावला.

“मावशी, हिरवं आहे की. आत्ताच बघितलं.”

“अरे, फोन उचलत नाहीये ती!”

“ऐकू कमी येतं ना तिला. सकाळी बोललीय ती, वेळसुद्धा दिसतेय.”

पालिकेला लावला. तीच ती नम्र मुलगी. “हिरवं आहे, आजी. कालही हिरवं होतं.”

“हिरवं म्हणजे काय? ती काय पालेभाजी आहे? कुणालातरी पाठव आणि बघ म्हणावं!”

“हिरवं असताना माणूस पाठवायची सोय नाही, आजी. तेवढी माणसंच नाहीत.”

मी फोन आदळला आणि नोझोएबाईला लावला. तिचा त्या दिवशी ताईकडे जायचा वार नव्हता. ती दुसऱ्या खोऱ्यात तीन म्हाताऱ्यांना उरकत होती. पण बाई जिवाची चांगली. काम संपवून बर्फातून गाडी घालत गेली. जे सांगतेय ते तिनंच मला सांगितलं.

दार उघडं होतं. ताई दाराशी, आतल्या पायरीखाली पडलेली. शेजारी न्हायची लाकडी टोपली उपडी, टॉवेल, आणि मुठीत किल्ली. खुब्याचं हाड मोडलेलं. परवा संध्याकाळपासून ती तिथं होती. बर्फाच्या दिवसांत, उघड्या दाराशी, जिवंत कशी राहिली कोण जाणे. पायपुसणं ओढून अंगावर घेतलं होतं. फळीवरचा ससा तिथून बोलला की ऐकू येईल एवढ्या अंतरावर होता. नोझोएबाईला बघून ताईनं मान उचलायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “या, या. अशी पडलेय, माफ करा हं.”

पट्टी बांधल्या डोळ्यानं मी दवाखान्यात पोचले. मला रडावं की तिला झोडपावं कळेना.

“अगं, ससा विचारत होता ना? दोनदा विचारलं ना मेल्यानं? का नाही सांगितलंस?”

“इतक्या गोड आवाजात विचारतो गं,” ताई म्हणाली. ओठ फुटले होते. “सकाळी सकाळी एकदम काय सांगायचं त्याला?” मग म्हणाली, “सांगितलं मी. आधी आपली रीत झाली, मग म्हटलं, तेवढं जरा पडायला झालंय, कुणाला सवड असेल तर... पण तो तोवर दिवस आनंदात जावो म्हणाला.”

मी पालिकेत विचारलं. सशाला एकदा उत्तर मिळालं, की त्याचं ऐकणं बंद होतं, असं तिथला माणूस म्हणाला. बिघाड काही नव्हता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

हाड जोडलं, पण ताई पुन्हा उभी राहिली नाही. प्रकृती पालटली म्हणजे पायरी नव्यानं ठरते. कुनिएदाच आला. तिला बघून दारातच थबकला. टॅबलेट काढायचं विसरून तसाच उभा राहिला. ताईनं त्याला ओळखलं. उजवा हात केसांकडे गेला. दवाखान्यात तिचे केस कापले होते. मग गादीची कड पकडून उठायला बघू लागली, नमस्कारासाठी. मी खांदे धरले.

“राहू द्या, आजी, राहू द्या,” तो म्हणाला. आवाज खाली गेला होता.

ताईनं खाटेजवळच्या टेबलाकडे बघितलं. तिथं औषधाचा पेला होता, बाकी काही नाही. पुन्हा पुन्हा तिकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

“चहा,” ती म्हणाली. “चहा नाही.”

उभ्या जन्मात पहिल्यांदा. पाहुण्यासमोर तो शब्द तिच्या तोंडून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती त्याची माफी मागत होती, चहा नाही म्हणून.

कुनिएदा खाली बसला. “आजी, विचारू ना?”

“विचारा.”

“उठून बसता येतं?” “नाही.” “कूस बदलता येते?” “नाही.” “एकट्यानं न्हाता येतं?” ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान वळवली. “नाही,” ताई म्हणाली. एकदा बांध फुटला तशी ती सगळ्याला ‘नाही’ म्हणत गेली, जे थोडंफार जमत होतं त्यालासुद्धा. तो खुणा करत होता. माझ्या मनात आलं, चला, सुटली. आता पायरी मिळेल, नोझोएबाई रोज येईल, ताई घरी येईल.

पायरी मिळाली. वरून दुसरी. आणि तिच्याबरोबर निकाल आला की या पायरीच्या एकट्या बाईला घरी ठेवता येत नाही. रोज दोन-तीन वेळा यायला या खोऱ्यात माणूस नाही. खाली सपाटीवर एका मोठ्या वृद्धालयात जागा झालीय, आत्ता घ्या, नाहीतर वर्षानुवर्षं थांबा. शुन्जीनं सही केली. त्याचं तरी काय चुकलं? तोही साठीचा, त्याच्या बायकोला डायलिसिस. पण मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. बरी आहे म्हणत होती तोवर मदत नाही, बरी नाही म्हणाली तर घर नाही. मग बाईनं म्हणायचं तरी काय? मी हे पालिकेत, दवाखान्यात, शुन्जीला, सगळ्यांना ओरडून विचारलं. सगळ्यांनी वाकून ऐकून घेतलं.

वृद्धालय बसनं दोन तासांवर. वसंतात मी गेले. थर्मासमध्ये आमच्या न्हाणीघरातलं पाणी भरून नेलं होतं, बसमधले लोक वासानं नाकं मुरडत होते. तिथं न्हाणं यंत्रावर. बाईला आडवी पट्ट्यानं बांधतात, पाळणा खाली जातो, चहूबाजूंनी नळाचं कोमट पाणी येतं, पाळणा वर येतो. पोरी चांगल्या आहेत, हात हलके आहेत.

ताई खिडकीपाशी खुर्चीत होती. एवढीशी झालेली. मी टॉवेल थर्मासमधल्या पाण्यात बुडवला, पिळला, तिचा हात पुसायला लागले. तिनं डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या.

“हे इथलं पाणी नाही,” ती म्हणाली.

“नाही, ताई.”

मी दुसरा हात पुसला, मान पुसली, पाय पुसले. पाणी गार होईपर्यंत पुसत राहिले. तिनं डोळे उघडले आणि आमच्या हॉटेलच्या बोळातल्या त्या जुन्या, सरळ नजरेनं माझ्याकडे बघितलं.

“रित्सु, माझं घर ठीक आहे ना गं?”

घर मार्चातच पाडलं होतं. रिकामी घरं बर्फानं खचून शेजाऱ्यांवर पडतात, म्हणून पालिका ती स्वखर्चानं पाडून देते, फक्त सरकारी वर्ष संपायच्या आत अर्ज लागतो. शुन्जीनं केला. दोन दिवसांत जागा सपाट. माझ्या खिडकीतून आता सरळ न्हाणीघराचं दार दिसतं. हे सगळं तिला सांगायचं असं ठरवूनच मी आले होते. मी कधी कुणाशी गुळमुळीत बोललेली नाही, साऱ्या गावाला माहीत आहे.

मी टॉवेल खाली ठेवला. गुडघे मुडपून बसले, माझ्या किमोनोचा गळा सारखा केला, आणि वाकले.

“आपल्या कृपेनं,” मी म्हटलं, “सगळं ठीक आहे.”